चौथी ओळ

पहाटे चारला निघालो. बाहेर उणे अकरा.
पिकअपचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या बाजूला फुंकतो,
म्हणून अर्ध्या वाटेत बाबाने मला स्टिअरिंगवर बसवलं :
‘बोटं गरम ठेव, तिथे लिहायला लावतील.’
वेल्टनपासून विद्यापीठ एकशे नव्वद मैल.
पाट्या मी मोठ्याने वाचत होते,
आठ वर्षांची असल्यापासून वाचते तशी,
आणि दर पाटीनंतर तो म्हणत होता,
‘हां, ठाऊक होतं.’

शंभर जण. जागा वीस.
माझ्या बिल्ल्यावर क्रातोच्विलचं स्पेलिंग चुकलेलं.
शेजारचा सॉरेन लिंडक्विस्ट तीन वर्षं मधमाश्यांवर काम करत होता,
आणि घाबरला की गुडघा हलवायचा.
कागदावरचे गुण आमचे सगळ्यांचे जवळपास सारखे.
आता ते दुसरे गुण मोजायचे होते,
ज्यांना आकडा नसतो.

आत तिघं, आणि पाण्याचा एक जग.
कानात यंत्र घातलेल्या प्रोफेसर अबर्नेथी म्हणाल्या,
‘अर्जात नाही असं काही सांग.’

माझं उत्तर घोटून तयार होतं :
प्लॅट नदीच्या पाण्यातलं नायट्रेट, बावीस नमुने, दोन उन्हाळे.
तोंडातून आलं,
‘माझ्या वडलांना वाचता येत नाही.’

तिन्ही पेनं एकदम हलली.
कागदावरून मुंग्या जाव्यात तसा आवाज.
आणि मला कळलं, हे चालतंय.
म्हणून मी आणखी सांगितलं.

सांगितलं, की हॉटेलात तो मेन्यू बराच वेळ धरतो
आणि मग पुढच्या टेबलावर जे असेल ते मागवतो.
की शाळेच्या बसगाड्या तो कानाने दुरुस्त करतो,
मॅन्युअल सीटवर ठेवतो, गाद्यांखाली उशी ठेवावी तसं, नुसतं.
की शाळेने त्याला वर्गामागून वर्ग पुढे ढकललं,
कारण तो त्रास देत नव्हता.
की माझ्या दहाव्या वाढदिवसाला त्याने आणलेलं कार्ड
शोकसंदेशाचं होतं.
फुलं छान होती त्यावर.

ते हसले, मग त्यांचे डोळे भरले.
ते कार्ड माझ्या कपाटात होतं, सात वर्षं,
आईलासुद्धा दाखवलं नव्हतं.

पार्किंगमध्ये तो कुणाच्या तरी बॉनेटमध्ये वाकलेला,
लिंडक्विस्टांची गाडी सुरू होत नव्हती.
हात पुसत म्हणाला, ‘काय विचारलं?’
‘पाण्याबद्दल.’
‘मग काय, ते तर तुला येतंच.’
परतीच्या वाटेवर मी पाट्या वाचल्या नाहीत,
त्यानेही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये पत्र आलं. त्याने पाकीट फोडलं,
आणि नेहमीसारखं माझ्या हातात दिलं.
चार वर्षं, फीचे तीन चतुर्थांश. उरलेल्याचं बघू.
वाचताना मी एक ओळ गाळली.
सोपं होतं. मी लहानपणापासून त्याच्यासाठी
बिलांमधली धमकावणी वाक्यं गाळत आलेय.
टायरच्या दुकानाने फुकट दिलेल्या लोहचुंबकाखाली
त्याने पत्र फ्रिजवर लावलं.

तेव्हापासून दर मंगळवारी तो बोलिंगला जातो.
बोलिंगचे बूट गॅरेजमध्ये आहेत, धुळीत.
आणि वाचनालयाच्या मिसेस ऑर्डेल मला रस्त्यात भेटल्या की
जरा जास्तच गोड हसतात.

काल रात्री पाणी प्यायला उठले.
शेगडीवरच्या मिणमिणत्या बल्बखाली तो उभा,
ओठ हलत होते, बोट शब्दाखाली,
वंगणाने काळं नख एकेक अक्षर ढकलत होतं,
नट सैल करावा तसं, थोडं मागे, थोडं पुढे.
माझं नाव त्याने पार केलं. अभिनंदन पार केलं.
बोट तिसऱ्या ओळीच्या मध्यावर.
चौथ्या ओळीत तो आहे.

‘झोप आली नाही,’ तो म्हणाला. बोट काढलं नाही.

चुंबक थोडं खाली सरकवलं असतं
तर झाकली गेली असती.
मी फ्रिजपर्यंत गेले, हातही उचलला.
मग भिंतीवरचं बटण दाबलं,
मोठा दिवा लावला,
आणि पाणी न पिताच परत आले.